मातीच्या रंगांतले खडक वाळल्यावर निर्जीव का दिसतात? जलरंगातलं एक नेहमीचं दुखणं आणि त्यावरचे उपाय

कड्याचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, ओला असताना गडद आणि खोल दिसतो. अर्ध्या तासाने वाळला की त्यातला दगड नाहीसा झालेला असतो. कधी तो पांढुरका, भुरभुरीत होतो, कधी तपकिरी सपाट ठोकळा होतो, तर कधी वर सावलीचा थर द्यायला गेलं की खालचा थर उखडून सगळं एकमेकांत कालवलं जातं. सह्याद्रीचे कडे, कोकणातला जांभा, टेबललँडच्या कडा असे विषय गेरू, पिवडी, सिएना, अंबर या मातीच्या रंगांत रंगवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला यातलं एक तरी दुखणं छळतं.

यावर बहुतेक जण रंगाची छटा बदलतात, नवी ट्यूब आणतात. पण छटा क्वचितच चुकलेली असते. वर सांगितलेली तीनही दुखणी वेगवेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला वाढवतं. भुरभुरीतपणा जावा म्हणून डिंक वाढवला तर थर उखडण्याचं प्रमाण वाढतं. उखडू नये म्हणून रंग घट्ट लावला तर चित्र सपाट होतं. म्हणून आधी निदान करा.

आधी एक पट्टी रंगवून बघा

ज्या कागदावर चित्र काढता त्याच कागदाचा तुकडा घ्या. त्यावर वॉटरप्रूफ काळ्या पेनने एक रेघ ओढा आणि रेघेवरून, चित्रात वापरता त्याच दाटपणाचा, खडकाच्या सावलीचा एक पट्टा लावा. ड्रायर न लावता पूर्ण वाळू द्या.

मग कोरडं बोट पट्ट्यावरून हलकेच फिरवा. बोटाला पूड लागली तर रंगात डिंक कमी आहे. कागद उजेडाकडे तिरका धरा. पट्टा चमकत असेल तर डिंक जास्त आहे. काळी रेघ रंगाखाली गायब झाली असेल तर रंग अपारदर्शक आहे किंवा फार दाट लावला गेला आहे. पट्ट्याच्या अर्ध्या भागावरून ओला चपटा ब्रश एकदाच, न घासता फिरवा; रंग लगेच वाहायला लागला तर सावलीचा दुसरा थर या रंगावर टिकणार नाही. शेवटी कोऱ्या कागदावर पाण्याचा थेंब टाका. तो थेंब म्हणून उभा न राहता लगेच आत शोषला गेला तर कागद गेला आहे आणि रंगावर मेहनत घेऊन उपयोग नाही.

पांढुरका, खडूसारखा खडक

हे दुखणं मुख्यतः घरी माती घोटून रंग बनवणाऱ्यांचं. अशी मंडळी आता खूप वाढली आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

रस्त्याकडेचा मुरूम पावसात भिजला की गडद दिसतो आणि उन्हात वाळला की फिका. कारण कणांच्या मधल्या फटींत पाणी असतं तेव्हा प्रकाश आतपर्यंत जातो; तिथे हवा शिरली की प्रकाश पृष्ठभागावरच विखुरतो आणि सगळं पांढुरकं दिसतं. कागदावरही हेच घडतं. मातीत रंग देणारा लोहाचा ऑक्साइड थोडाच असतो, बाकी बरीचशी चिकणमाती असते. चिकणमातीचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, १.५६ च्या आसपास असतो आणि वाळलेल्या डिंकाचा साधारण १.४८. दोन्ही इतके जवळ आहेत, की कणांमधल्या फटी डिंकाने भरल्या की चिकणमाती जवळपास दिसेनाशी होते आणि फक्त लोहाचा रंग उरतो. डिंक अपुरा पडला तर फटींत हवा राहते आणि तीच चिकणमाती पांढरी पडते. हा पांढरेपणा छटेतला नसल्यामुळे कितीही गडद छटा मिसळली तरी तो जात नाही.

उपाय घोटण्याच्या वेळीच करायचा. बाभूळ जातीचा स्वच्छ डिंक (अरबी डिंक मिळाला तर उत्तम) एक भाग आणि कोमट पाणी दोन भाग रात्रभर भिजवा आणि मलमलीतून गाळा. लाडवांसाठी आणलेला डिंक यासाठी वापरू नका. त्यात कुठल्या झाडाचा डिंक मिसळलेला आहे हे कळत नाही, आणि कांडोळाचा डिंक तर विरघळण्याऐवजी नुसता फुगतो. गाळलेल्या डिंकात थोडा मध घाला आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब टाका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मध हात राखून घाला, नाहीतर पावसाळाभर रंगाच्या वड्या चिकट राहतात.

सुरुवात मातीएवढ्याच मापाच्या गाळलेल्या डिंकाने करा, पण सगळ्या मातींना एकच माप चालत नाही. अंबर आणि कच्ची सिएना डिंक पितात. गेरूला त्या मानाने कमी लागतो. घोटताना दर थोड्या वेळाने कागदावर रेघ ओढून वाळवा आणि बोट फिरवा. पूड लागायची थांबली की तिथेच थांबा. त्यापुढे घातलेला प्रत्येक थेंब चमक आणि उखडणं वाढवतो.

माती धुणं हा अर्धा इलाज आहे. बादलीत माती कालवा, मिनिटभर थांबा, वाळू खाली बसू द्या आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते रात्रभर निवळू द्या. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाका, नवं पाणी घाला आणि हे दोन-तीनदा करा. समुद्राजवळची माती असेल तर आणखी धुवा, कारण तिच्यात उरलेलं मीठ वाळताना रंगावर पांढरं फुटतं. दुसऱ्या भांड्यातही जे लवकर खाली बसतं ते आणि जे तासन्‌तास तरंगत राहतं ते, असे दोन भाग वेगळे ठेवा. एकाच मातीचे हे दोन रंग आहेत. जाडसर कणांचा रंग कागदाच्या खळग्यांत बसून खरखरीत पोत देतो, तो जवळच्या खडकांसाठी. बारीक कणांचा रंग सलग पसरतो, तो दूरच्या डोंगररांगांसाठी. हे दोन्ही एकाच डबीत घोटले की जवळचा दगड पुरेसा खडबडीत होत नाही आणि दूरचा उगाच होतो.

कोणती माती घ्यायची नाही हेही सांगतो. काळी कापसाची जमीन दिसायला बेसॉल्टच्या, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या, रंगाची असते, त्यामुळे मोह होतो. पण तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळेच. तुमच्या रंगाच्या वडीवरही तशाच भेगा पडतील. शिवाय तिचा काळेपणा कागदावर टिकत नाही, मरगळलेला राखाडी उरतो. दगडाची खडी कुटून पूड करण्याचा प्रयोगही बरेच जण करतात. अखंड बेसॉल्ट काळा दिसतो, पण त्याची पूड फिकट राखाडी असते आणि रंग म्हणून तिच्यात दम नसतो. काळ्या दगडाचा काळा रंग दगडातून मिळत नाही, तो मिश्रणातूनच घडवावा लागतो.

अंगणासाठी आणि कुंड्यांना लावायला जो गेरू मिळतो त्यात अनेकदा खडूची पूड मिसळलेली असते. चिमूटभर गेरूवर व्हिनेगर टाका. फसफसला तर त्यात खडू किंवा चुना आहे. असा गेरू कुंड्यांनाच लावा. कोकण आणि गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यात कोरलेली कावी चित्रं ज्या लाल मातीने साकारली, ती काव मिळाली तर मात्र आवर्जून वापरून बघा. जांभ्यासाठी तिच्याइतका जवळचा रंग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पिवडी भाजून लाल करता येते, कारण पिवळ्या मातीतलं पाणी बांधलेलं लोहाचं खनिज साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी सोडून लाल होतं. लोखंडी तव्यावर हे जमतं. एकाच मातीच्या तीन-चार छटा अशा मिळतात आणि त्या चित्रात एकमेकींशी भांडत नाहीत. कोरडी पूड चाळताना, घोटताना मास्क लावा. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका. आणि गडांवरची, लेण्यांच्या परिसरातली माती उकरू नका. रस्त्याच्या किंवा विहिरीच्या खोदकामातून निघालेली माती भरपूर मिळते.

तपकिरी सपाट ठोकळा

पट्टीवरची काळी रेघ गायब झाली असेल तर हे तुमचं दुखणं.

गेरू, पिवडी, भाजलेली सिएना, अंबर या सगळ्यांचा रंग लोहातून येतो. अंबरमध्ये त्याला मँगनीजची जोड असते. एका घराण्यातले असल्यामुळे यातले तीन एकत्र केले तर नवीन काही मिळत नाही, नुसता तपकिरी वाढतो. दगडाला लागतो तो विरोध, आणि तो निळ्याकडून येतो. बेसॉल्टच्या सावलीसाठी माझं कायमचं मिश्रण भाजलेली सिएना आणि अल्ट्रामरीन हे आहे. दोन्ही एकमेकांना जवळपास खोडून राखाडी देतात, दोन्ही पारदर्शकतेकडे झुकणारे आहेत आणि दोन्हींचे कण कागदावर वेगवेगळे बसतात, त्यामुळे त्या राखाडीत जवळून पाहिलं तर निळा आणि तांबूस दोन्ही सापडतात. पॅलेटवर ते पूर्ण एकजीव करू नका. अर्धवट मिसळून ब्रश उचला आणि उरलेलं मिसळणं कागदावर होऊ द्या.

यात पिवडी घातली की चिखल झाला. पिवडी अपारदर्शक आहे आणि ती कागदाचा उजेड झाकते. इंडियन रेड तर त्याहून जबरदस्त. ब्रशच्या टोकावर मावेल एवढाही पुरतो आणि अख्खं मिश्रण गिळतो. हे रंग टाकाऊ नाहीत, पण त्यांची जागा उन्हातल्या भागात, पहिल्या थरात आणि स्वतंत्र आहे. सावलीच्या मिश्रणात त्यांना घेऊ नका.

ट्यूबच्या मागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा. ‘बर्न्ट सिएना’ या एकाच नावाखाली पीबीआर ७ ही भाजलेली नैसर्गिक माती मिळते आणि पीआर १०१ हा कारखान्यात बनलेला लोहाचा ऑक्साइडही. दुसरा जास्त नारिंगी, बारीक कणांचा असतो आणि कागदाला घट्ट धरतो. त्याने सुंदर सलग वॉश होतो, पण खडबडीत पोत हवा असेल तर तो देणार नाही, आणि नंतर पुसून उजेड काढायचा असेल तर निघणार नाही. मित्राची रीत तुमच्या हातून जमत नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

सपाटपणाचं दुसरं कारण रंगात नसून पाहण्यात आहे. सह्याद्रीचा कडा हा एकच दगड नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. घट्ट थर उभा कडा म्हणून टिकतो, भुसभुशीत थर झिजून उतार होतो आणि त्यावर गवत धरतं. मधूनच दोन थरांच्या सांध्यात भाजलेल्या विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे माथ्यावर जांभ्याची टोपी असते. हे आडवे थर डोळ्यांनी वेगळे केले की रंग आपोआप वाटले जातात: उभ्या भागाला निळसर राखाडी, गवताच्या पट्टीला कच्ची सिएना, सांध्यात गेरूची एकच रेघ, पाणी झिरपतं तिथे जवळपास काळा. सगळ्या कड्याला एकच मिश्रण फासलं तर जगातला सर्वोत्तम रंगही त्याला वाचवू शकत नाही.

शेवाळासाठी हिरवी माती वापरून पाहा. तिचा जोर कमी असतो, तिने कोणताच रंग दबत नाही, म्हणून बरेच जण तिला नाकारतात. दगडावर मात्र हाच तिचा गुण आहे. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये हे हिरवं खनिज सापडतं आणि अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा याच जातीच्या मातीचा आहे.

सावलीचा थर देताना खालचा उखडतो

मातीचे कण जड असतात. गेरूतलं हेमॅटाइट हे लोहाचं लाल खनिज पाण्याच्या पाचपटीहून जड आहे. ते कागदाच्या तंतूंत मुरत नाहीत, खळग्यांत बसतात आणि डिंकाच्या पातळ पापुद्र्याने धरलेले असतात. पाणी लागलं की पापुद्रा पुन्हा विरघळतो. हा त्यांचा स्वभाव आहे आणि त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही.

त्यामुळे कामाचा क्रम बदला. बहुतेक जण आधी फिका थर, मग मधला, मग सावली असे तीन-चार थर चढवतात. फ्थॅलो किंवा क्विनाक्रिडोनसारख्या कागदात मुरणाऱ्या रंगांना हे चालतं, मातीला नाही. खडकासाठी दोनच थर ठेवा. पहिला उन्हाचा, पातळ आणि उबदार, सगळ्या कड्यावर. तो पूर्ण वाळू द्या. कागद गालाला लावून थंड लागला तर तो अजून ओला आहे. दुसरा सावलीचा, आणि तो एका दमात अंतिम गडदपणाचा. वाळल्यावर तो फिका पडणार, म्हणून ओला असताना थोडा जास्तच काळा वाटला पाहिजे. अंगावर काटा आला तरी तेवढा गडद लावा.

त्या ओल्या सावलीतच बाकीचं करून घ्या. गंजाचा ओघळ हवा तिथे दाट सिएना टेकवा, आकाशाचा परावर्तित उजेड हवा तिथे थोडा निळा सोडा. चकाकी गेली आणि कागद नुसता दमट राहिला की हात मागे घ्या. नेमक्या याच वेळी ब्रश पुन्हा फिरवायचा मोह होतो, आणि बसत आलेले कण ढवळले गेले की मेलेला तपकिरी तयार होतो. चिखल झालेल्या चित्रांपैकी निम्मी तरी या दहा मिनिटांत बिघडतात असं माझं मत आहे.

भेगा, कडा आणि फटी अगदी शेवटी, कोरड्यावर, टोकदार ब्रशने एका फटकाऱ्यात काढा. रफ कागदावर अर्धकोरडा ब्रश आडवा धरून ओढला तर दगडाचा पोत उभा राहतो आणि खालचा थर हलत नाही.

कागद, पाणी आणि हवा

कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून त्याला जिलेटिनचा किंवा तशा द्रव्याचा लेप, म्हणजे साइझिंग, असतं; ते दमट हवेत खराब होतं. जून ते सप्टेंबर उघड्यावर पडलेला कागद ऑक्टोबरमध्ये वापरायला घेतला की रंग ठिकठिकाणी शोषला जातो आणि गडद ठिपके दिसतात. कागद बंद प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बिघडलेला कागद फेकू नका. अर्धा लिटर कोमट पाण्यात १० ते १२ ग्रॅम जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशने एकसारखा हात द्या आणि सपाट वाळवा. पूर्वीसारखा होत नाही, पण सरावाला चांगला चालतो. खडकांसाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद परवडत असेल तर तोच घ्या. पैसे रंगांपेक्षा कागदावर खर्च करा.

कण खळग्यांत नीट बसायला वेळ लागतो. एप्रिलच्या उन्हात पठारावर बसून रंगवलं तर वॉश कण बसायच्या आधीच वाळतो आणि ब्रशचे फराटे राहतात. सावलीत बसा आणि कागद मागून ओला करून घ्या. पावसाळ्यात उलटं होतं, वॉश वाळतच नाही आणि ब्रशमधल्या जास्तीच्या पाण्याने कोबीच्या पानासारखे डाग उमटतात. तिथे ब्रश फडक्यावर टिपून मगच टेकवा. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यात कण लवकर गोळा होतात आणि पोत जास्त खरखरीत येतो. तो आवडत असेल तर वापरा, नको असेल तर डिस्टिल्ड पाणी घेऊन तेच मिश्रण करून बघा.

पाटाचा उतारही कामाला येतो. सपाट ठेवला तर कण जागच्या जागी बसतात. उभ्या कड्यासाठी पाट थोडा तिरका केला की ते ओघळत खाली जातात आणि पाणी वाहून पडलेल्या रेषा आपसूक मिळतात.

बिघडलेलं चित्र वाचवायचं असेल तर

भुरभुरीत झालेल्या चित्रावर ब्रश लावू नका. डिंकाचं अगदी पातळ पाणी बारीक फवारणीच्या बाटलीत भरून, चित्र सपाट ठेवून, हातभर अंतरावरून हलकं धुकं मारा. वाळलं की दुसरा हात. रंग बोटाला लागायचा थांबतो आणि गडदही होतो. आधी पट्टीवर करून बघा, कारण थेंब मोठे पडले तर डाग पडतात.

चिखल झालेल्या सावलीत मातीचे रंग तुमच्या बाजूने असतात, कारण ते कागदात मुरलेले नसतात. दमट स्पंजने किंवा जुन्या ताठ ब्रशने उजेडाच्या कडा उचला, प्रत्येक वेळी स्पंज धुवून. पूर्ण वाळवा. मग फक्त सर्वांत गडद फटी अल्ट्रामरीन आणि अंबरच्या दाट मिश्रणाने परत काढा. मधल्या छटेला हात लावू नका. कड्याच्या माथ्यावर ऊन लागलेली धार हवी असेल तर कोरड्या कागदावर ब्लेडचं टोक हलकं ओढा. कागदाचा पांढरा उघडा पडतो आणि रफ कागदावर तो तुटक येतो, तसाच तो दगडावर दिसतो. पीआर १०१ वापरला असेल तर उचलणं जमणार नाही. तिथे ब्लेडवरच भागवा, किंवा दुसरा कागद घ्या आणि सावली या वेळी एकाच थरात लावा.